मनगटावरचा हिशेब

गेल्या रमजान ईदला भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याने आपल्या अम्मीसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या आपांसाठी, एक स्मार्टवॉच आणले. आपांचे वय बावन्न. शुगरची गोळी सुरू होऊन आठ वर्षे झाली. डॉक्टर दर भेटीत एकच गोष्ट सांगत, चाला. आपा मान हलवत आणि घरी येऊन खुर्चीत बसत. घड्याळ आले आणि सगळा नूर पालटला. फजरची नमाज झाली की ओढणी नीट बांधून त्या मैदानावर जायच्या, चाळीस मिनिटे फेऱ्या मारायच्या आणि घरात पाऊल टाकताच मनगट पुढे करून आकडा वाचून दाखवायच्या. "आज तीनशे दहा जळाल्या!" हे दुल्हाभाईंना सांगायचे, फोनवर मला सांगायचे, दारात दूधवाला असला तर त्यालाही सांगायचे.

या तीनशे दहा कॅलरींचे पुढे काय झाले ते सांगते. आपांनी मनाशी हिशेब मांडला की एवढ्या जाळल्या तर न्याहारीला तुपातला एक पराठा जास्त घ्यायला हरकत नाही. संध्याकाळी कोणी पाहुणे आले आणि शिरखुर्म्याची वाटी समोर आली, तर "सकाळी भरपूर चालले आहे" म्हणून तीही घ्यायची. दोन महिन्यांनी दवाखान्यातल्या काट्यावर उभ्या राहिल्या तर वजन दीड किलो वाढलेले. आपांचे तोंड एवढेसे झाले. मग त्यांनी उलटा निश्चय केला. चालायचे तेवढेच, गोळीही नेहमीच्या वेळेला घ्यायची, पण न्याहारी बंद. घड्याळात दिसतात तेवढ्या कॅलरी अंगातून वजा होऊ द्यायच्या, वरून भर घालायची नाही.

चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. धाकटी भाची नशिबाने घरात होती. तिने खाली बसवून तीन चमचे साखर घातलेले पाणी पाजले आणि मग शुगर तपासली तर मशीनवर ५४ दिसले. पंधरा-वीस मिनिटांत आपा सावरल्या, पण घर हादरले. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी फक्त एवढेच विचारले, "तुमच्या गोळीला घड्याळातला आकडा कळतो का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, पण विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे येतो, आणि उष्णतेचा धडा मी दोन-तीनदा शिकवलेला आहे. त्यामुळे कॅलरी म्हणजे काय हे मला ठाऊक होते. मनगटाला बांधलेली काडेपेटीएवढी वस्तू ती कशी मोजते, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. तो केला, काही वाचले, आणि जे समजले ते वाचक भगिनींपुढे ठेवते आहे, कारण आता घरोघरी कोणाच्या ना कोणाच्या हातात हे घड्याळ दिसते.

कॅलरी हे उष्णतेचे माप आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते तिला किलोकॅलरी म्हणतात, आणि आहाराच्या बोलण्यात आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो ती हीच. आता माणसाच्या शरीरात किती उष्णता तयार झाली हे मोजायचे कसे? फ्रान्समध्ये लॅव्होझिए आणि लाप्लास या दोघा शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एक युक्ती केली. बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले. त्याच वेळी त्याच्या श्वासातून किती वायू बाहेर पडतो तेही पाहिले. श्वास घेणे म्हणजे एक प्रकारचे मंद जळणे आहे, हे त्यातून लक्षात आले. (याच लॅव्होझिएचे डोके पुढे १७९४ मध्ये क्रांतीच्या गदारोळात उडवले गेले. मुलांना हा भाग बर्फापेक्षा जास्त आवडतो.)

आजही खरी मोजणी याच विचारावर चालते. माणसाच्या तोंडा-नाकावर मुखवटा बसवतात, त्याला ट्रेडमिलवर चालवतात आणि त्याने किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे यंत्राने मोजतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की शरीरात साधारण पाच कॅलरी खर्च होतात. यंत्र मोठे, खर्चिक आणि प्रयोगशाळेत राहणारे. मुखवटा लावून कोणी बाजारात जात नाही.

घड्याळाला तुमचा श्वास दिसत नाही. मग त्याला काय दिसते? घड्याळ उलटे करून पाहा. मागच्या काचेत हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातून रक्ताची लाट जाते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हे कमी-जास्त मोजून घड्याळ ठोके मोजते. आत आणखी एक छोटा भाग असतो, तो हाताची हालचाल ओळखतो आणि त्यावरून पावले मोजतो. घड्याळाची स्वतःची मोजणी जवळपास इथे संपते. ठोके आणि हालचाल. यापुढे कॅलरीचा जो आकडा पडद्यावर येतो तो मोजलेला नसतो. तुमचे वय, उंची, वजन, तुम्ही स्त्री की पुरुष आणि हे ठोके, यांना एका सूत्रात घालून काढलेला तो अंदाज असतो. ते सूत्र काय आहे, हे कंपन्या सहसा उघड करत नाहीत.

अंदाज किती चुकतो याचा एक अभ्यास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी त्या काळातली सात घड्याळे आणि पट्टे घेतले. त्यांत ॲपल वॉच होते, फिटबिट सर्ज होते, सॅमसंग गिअर एस-२ होते, मायक्रोसॉफ्टचा बँड होता. एकतीस स्त्रिया आणि एकोणतीस पुरुष असे साठ लोक ती बांधून चालले, धावले, जागेवरची सायकल चालवली, आणि त्याच वेळी प्रयोगशाळेतली यंत्रे खरा आकडा मोजत होती. हृदयाच्या ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. मनगटावरच्या दिव्याने एवढे साधावे हे खरोखर कौतुकाचे आहे. पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत बरे ठरलेले उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणजे शंभराच्या जागी त्र्याण्णवाची चूक. माझ्या वर्गात इतके चुकलेले गणित मी पूर्ण लाल करीन.

सात-आठ वर्षांत घड्याळे सुधारली असतील, असे कोणी म्हणेल. ठोके आणि पावले मोजणे सुधारले आहे, हे मान्य. पण कॅलरी अजूनही अंदाजानेच निघते, कारण मनगटाला आजही श्वास कळत नाही. मी स्वतः एक छोटा प्रयोग केला. आमच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिकेकडे एका कंपनीचे घड्याळ आहे, आपांचे दुसऱ्या कंपनीचे. दोन्हींत माझे वय, उंची, वजन अगदी सारखे भरले. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. शाळेच्या मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. पावलांत साठेकांचा फरक आला, तो मी सोडून देते. कॅलरी मात्र एकात ९६ आणि दुसऱ्यात १४१. चालणारी बाई एकच, रस्ता तोच, घाम तोच.

माझा हा प्रयोग पाहून भाचीला एक शंका आली. तिने अम्मीच्या घड्याळाची फोनमधली माहिती उघडली आणि कपाळाला हात लावला. भाच्याने घाईगडबडीत घड्याळ सुरू करताना स्वतःचीच माहिती भरलेली होती. पुरुष, वय अठ्ठावीस, उंची एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, वजन चौऱ्याऐंशी किलो. तीन महिने घड्याळ आपांच्या हातात होते आणि हिशेब त्यांच्या मुलाच्या शरीराचा करत होते!

याने किती फरक पडतो ते आपण घरबसल्या काढू शकतो. माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. त्यासाठी किती कॅलरी लागतात याचे एक सूत्र १९९० पासून जगभर वापरले जाते. वजनाच्या किलोला दहाने गुणा, उंचीच्या सेंटिमीटरला सव्वासहाने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असेल तर पाच मिळवा, स्त्री असेल तर १६१ वजा करा. आपांचे वजन ६८ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, वय ५२. उत्तर येते सुमारे १२२८. भाच्याचे येते सुमारे १८१८. रोजचा ५९० कॅलरींचा फरक, तोही कोणी पाऊल न टाकता. आपांना ही बेरीज-वजाबाकी मी कागदावर करून दाखवली तेव्हा त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग मुलाला फोन लागला. त्यातले संभाषण इथे देत नाही.

माहिती दुरुस्त केल्यावर त्याच फेऱ्यांना घड्याळ तीनशे दहाच्या जागी दोनशे दहाच्या आसपास दाखवू लागले. तरीही तो आकडा मला मोठाच वाटतो. शांत बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी लागते, आणि सपाट जागेवर मध्यम चालीने चालताना त्याच्या सुमारे साडेतीन पट. या ढोबळ नियमाने आपांच्या चाळीस मिनिटांचे होतात १५९. यातल्या ४५ तर त्या घरी खुर्चीत बसल्या असत्या तरी लागल्याच असत्या. म्हणजे चालण्यामुळे जास्तीचा खर्च झाला तो सुमारे ११३ कॅलरींचा.

आता स्वयंपाकघरात चला. तेलाचा एक मोठा चमचा भरला तर त्यात सुमारे १४ ग्रॅम तेल बसते. तेलाच्या, तुपाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये नऊ कॅलरी. झाल्या सव्वाशे. फजरनंतरची चाळीस मिनिटांची पायपीट सालनावर तरंगणाऱ्या एका चमचा तेलात फिटते. हे कळल्यावर मलाच जरा ओशाळल्यासारखे झाले, कारण आमच्या घरी तर्री नसेल तर सालन कच्चे वाटते. चालण्याला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. चालल्याने साखर आटोक्यात राहते, रक्तदाब उतरतो, झोप लागते, सांधे मोकळे होतात. हे फायदे वजनाच्या काट्यावर दिसत नाहीत आणि घड्याळाच्या कॅलरीतही दिसत नाहीत. पण "जाळले म्हणून खाल्ले" हा सौदा मात्र जवळजवळ नेहमी तोट्याचा होतो.

दिवसअखेरीस घड्याळ एकूण आकडा दाखवते, तिथे आणखी एक गफलत होते. समजा रात्री १७०० दिसले, तर पुष्कळ जणींना वाटते एवढे आपण चालून-काम करून जाळले. त्यातला फार मोठा वाटा पडून राहण्याचा असतो. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या खर्चातला साठ ते सत्तर टक्के भाग शरीर चालू ठेवण्यातच जातो. म्हणून घड्याळात "एकूण" आणि "हालचालीच्या" असे दोन आकडे वेगळे असतील तर आपण कोणता वाचतो आहोत हे आधी पाहावे.

ठोक्यांवरून खर्च ओळखण्यातही अडचण आहे. हृदय काही फक्त चालल्याने जलद होत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी तव्यापाशी उभे राहा, ठोके वाढतात. ताप आला, पाणी कमी पडले, काळजी लागली, दहावीचा निकाल लागायचा असला, तरी ठोके वाढतात. घड्याळाला वाटते बाई कष्ट करते आहे. उलट रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या हृदयाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. अशी गोळी घेणारा माणूस धापा टाकत जिना चढला तरी घड्याळाला तो निवांत वाटतो. हात स्थिर आणि पाय चालते असले, म्हणजे दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या किंवा बाळाची गाडी ढकलत असलो, तर पावले कमी धरली जातात. कणीक मळताना हात जोरात हलतो, तेव्हा न चाललेली पावले जमा होऊ शकतात. तरावीहच्या वीस रकातींत माणूस किती वेळा उठतो-बसतो, पण पावलांच्या हिशेबात त्यातले फारसे काही येत नाही. हिशेबात यावे म्हणून कोणी नमाज पढतही नाही, ते वेगळे.

स्टॅनफर्डच्या त्याच अभ्यासात असेही दिसले की गडद वर्णाच्या आणि जास्त वजनाच्या लोकांत चूक अधिक होती. त्वचेतले रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्यामुळे हिरव्या दिव्याला वाचणे जड जाते. आपल्याकडच्या सावळ्या हातांनी हे लक्षात ठेवायला हवे.

शरीराच्या बांधणीचा मुद्दा तर आपल्या महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे फोटो शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्या लोकांची ठेवण असते आणि मधुमेह आपल्याकडे एवढा का बोकाळला याचे एक कारण त्यात आहे. आता घड्याळाच्या दृष्टीने पाहा. स्नायू विश्रांतीतही चरबीपेक्षा जास्त कॅलरी वापरतात. घड्याळात आपण वजन भरतो, त्यातले स्नायू किती आणि चरबी किती हे भरत नाही. या दोन डॉक्टरांची उंची, वजन, वय सारखे भरले असते तर घड्याळाने दोघांना एकच आकडा दिला असता.

आणि समजा उद्या अगदी अचूक घड्याळ निघाले, तरी हिशेबाची दुसरी बाजू उरतेच, ती म्हणजे ताटातली. पाकिटावर छापलेली कॅलरी हीसुद्धा एक ढोबळ रीत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजले, तेव्हा मूठभर म्हणजे २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ कॅलरी मिळाल्या. रूढ पद्धतीने त्या १७० च्या आसपास धरल्या जात होत्या. बदामाचा काही भाग नीट न पचता तसाच बाहेर जातो, म्हणून हा फरक. मग घरच्या बिर्याणीच्या एका ताटात किती, हे कोण सांगणार? प्रत्येक भाभीची देग वेगळी, प्रत्येकीचा तेलाचा हात वेगळा. एका बाजूला पंचवीस टक्क्यांची चूक, दुसऱ्या बाजूला तेवढीच, आणि त्यांची वजाबाकी करून आपण म्हणतो आज शंभर कॅलरी शिल्लक राहिल्या.

घड्याळ बांधल्याने वजन उतरते का, यावर पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षे अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अठरा ते पस्तीस वयाच्या सुमारे पावणेपाचशे जणांना आधी आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दिले. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना दंडावर बांधायचे मोजणीचे उपकरण दिले, बाकीच्यांनी आपली नोंद स्वतःच ठेवली. दोन वर्षांअखेर उपकरण नसलेल्यांचे वजन सरासरी ५.९ किलो कमी झाले होते आणि उपकरण बांधलेल्यांचे ३.५ किलो. ज्यांच्या दंडावर यंत्र होते तेच मागे राहिले. यामागे काय असावे यावर पुष्कळ चर्चा झाली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आपांचा तुपातला पराठा येतो.

हे मोठ्यांचे झाले. मला जास्त काळजी वाटते ती मुलींची. नववीच्या वर्गात एक हुशार मुलगी आहे, अंगाने काडी. मधल्या सुट्टीत तिचा डबा अर्धा परत जातो. विचारले तेव्हा मनगट दाखवून म्हणाली, "टीचर, अजून वर्तुळ पूर्ण झाले नाही." घड्याळातले ते रंगीत वर्तुळ भरेपर्यंत खायचे नाही, असा तिने स्वतःशी नेम केला होता. तिचे वय हाडे भरण्याचे, उंची वाढण्याचे, पाळी नुकती सुरू झाल्याचे. या वयात शरीर किती मागते हे तिच्या भुकेला घड्याळापेक्षा जास्त समजते. तिच्या अम्मीला शाळेत बोलावले. त्यांनी घड्याळ काढून घेतो म्हटले, तर मुलगी रडू लागली. शेवटी घड्याळ हातातच राहिले आणि त्यातली कॅलरीची पाटी बंद केली. डबा आता बहुतेक दिवस संपतो, पण रोज नाही. ज्यांच्या घरी तेरा-चौदा वर्षांची मुलगी असे घड्याळ बांधते, त्यांनी ती पडद्यावर काय बघते हे एकदा शेजारी बसून पाहावे. ओरडू नये, फक्त पाहावे.

मग या वस्तूचा उपयोग तरी काय? आहे, बराच आहे. ठोक्यांचा आकडा पुष्कळसा भरवशाचा आहे. पावले आणि चाललेली मिनिटे आजच्यापेक्षा काल जास्त होती की कमी, हे समजायला घड्याळ उत्तम. एकच घड्याळ, एकच हात, एकच माणूस असेल तर त्याची चूकही बहुतेक रोज सारखीच असते, म्हणून आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहावा. जाऊबाईंच्या घड्याळाशी ताडू नये. बांधताना मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतके घट्ट बांधावे. बांगड्या असतील तर त्यांच्या वरच्या बाजूला. आणि वजन बदलले की फोनमध्ये नवे वजन भरावे, मुलाचे नव्हे.

दहा हजार पावलांचा धाक मात्र सोडून द्यावा. तो आकडा कोणा डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावले मोजणारे एक छोटे यंत्र बाजारात आले, त्याचे नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. ते नावच जगभर नियम होऊन बसले. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात दिवसाला २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. ज्या बाईचा दिवस घरातल्या घरात जातो तिने दहा हजारांच्या भीतीने मैदानावर जायचेच टाळावे, यापेक्षा चार हजारांनी सुरुवात केलेली बरी.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आपांच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते इथे लिहिते. गोळी घेतली असेल तर तिच्याबरोबरचे खाणे घड्याळ पाहून टाळायचे नाही. चालण्याची वेळ किंवा खाण्याचे प्रमाण बदलायचे असेल तर आधी गोळीबद्दल विचारायचे. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही जाणवले तर मनगटाकडे न बघता आधी साखर तोंडात टाकायची, आणि शक्य होताच बोटाला टोचून मशीनवर शुगर पाहायची. रोजे धरायचे असतील तर रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि प्रमाण ठरवून घ्यायचे.

आपा आता पुन्हा न्याहारी करून चालायला जातात. ओढणीच्या टोकाला खडीसाखरेचे दोन खडे बांधलेले असतात, भाची रोज चाचपून बघते. घड्याळ हातात आहे, पण कॅलरीची पाटी आपांनी स्वतःच पडद्यावरून काढून टाकायला लावली. मिनिटे ठेवली आहेत. दूधवाल्याला आता चाळीसचा आकडा ऐकावा लागतो, कधी पंचेचाळीसचा. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी पुढच्या महिन्यात आहे, आणि तो कागद दवाखान्यातून आणायला मी स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे.